गोठ्यातली इंटर्नशिप घ्यावी का?

पत्र

ताई, नमस्कार.

मी रावपुऱ्यात राहते. प्राणिशास्त्रात एम.एस्सी.चं पहिलं वर्ष नुकतंच संपलं. आपल्या जिल्ह्यात सार्वजनिक आरोग्य आणि पशुवैद्यक अशा दोन्ही बाजूंची माणसं मिळून एक प्रकल्प सुरू करतायत, त्यात मला तीन महिन्यांची इंटर्नशिप देऊ केली आहे. सावली आणि वाघोडिया तालुक्यांतल्या गावांत जायचं, गुरांवरच्या गोचिडी मोजायच्या, गोळा करायच्या, ओळखायच्या आणि पशुपालकांना प्रतिबंधाची माहिती द्यायची, असं काम आहे. विद्यावेतन जाण्यायेण्यात संपेल इतकंच. वर्गातल्या दोघी औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत जातायत. बाबा म्हणतात, "एवढं शिकून गोठ्यात गोचिडी वेचणार का?" आईने काँगो तापाबद्दल वाचलंय, ती नकोच म्हणते. न्यू जर्सीचा मावसभाऊ लाइम रोगाचे व्हिडिओ पाठवतो, ते बघून आजीही घाबरली. मला जावंसं वाटतंय, पण नुसत्या गोचिडी मोजून शेवटी हातात काय राहील ते कळत नाही. आणि मला गायीची भीती वाटते, हेही सांगून टाकते. काय करू?

तुमची एक वाचक, बडोदा

उत्तर

घे ही इंटर्नशिप. औषध कंपनीतली जागा तुला मिळत असती, तरी मी हेच सांगितलं असतं. मात्र होकार कळवण्याआधी काही गोष्टी लेखी विचारून घे आणि उत्तरं समाधानकारक नसतील तर नाही म्हण. त्या कोणत्या, ते आईच्या काळजीबद्दल लिहिताना येईलच, कारण तुझ्या घरात सगळ्यांत मुद्द्याचं आईच बोलतेय.

काँगो ताप, म्हणजे क्रायमियन-काँगो रक्तस्रावी ताप, आपल्या गुजरातला परका नाही. भारतात तो प्रयोगशाळेत पहिल्यांदा सिद्ध झाला जानेवारी २०११ मध्ये, अहमदाबादजवळ साणंद तालुक्यातल्या कोलाट गावात. एक बाई गेली. पाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि एक परिचारिकाही गेल्या. निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत झालं. पुढेही गुजरातच्या वेगवेगळ्या जिल्ह्यांतून अधूनमधून रुग्ण सापडत राहिले. या तापाचे १० ते ४० टक्के रुग्ण दगावतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि सर्रास टोचता येईल अशी लस अजून नाही. तेव्हा आईची भीती अज्ञानातून आलेली नाही. तिला "काही होत नाही गं" म्हणून गप्प करू नकोस.

तिला त्यापुढचंही सांग. हा विषाणू माणसाच्या शरीरात कुठल्या वाटेने शिरतो हे नेमकं माहीत आहे. हायलोमा वंशाची गोचीड चावली, किंवा ती उघड्या हातांनी चिरडली, तर तो शिरतो. बाधित जनावराचं ताजं रक्त किंवा मांस हाताळलं, बाधित रुग्णाच्या रक्ताशी नि शरीरातल्या द्रवांशी संबंध आला, तरी शिरतो. गोठ्याच्या हवेत तो तरंगत नसतो, आणि उकळलेल्या दुधातून येत नाही. वाटा ठाऊक असल्या की त्या बंद करता येतात. तू हातमोजे घालून, चिमट्याने गोचीड काढून बाटलीत टाकणार असशील, तर रोज उघड्या हाताने गायीच्या कानातली गोचीड उपटून नखावर चिरडणाऱ्या माणसापेक्षा तुझा धोका फार कमी आहे. तो माणूस हे वर्षानुवर्षं करतोय आणि त्याला कुणी सांगितलेलं नाही. तू जाणार आहेस ती खरं तर त्याच्यासाठी.

आता लेखी विचारायच्या गोष्टी. नायट्राइलचे हातमोजे, टोकदार चिमटे, गमबूट, कीटकांना दूर ठेवणारं मलम हे प्रकल्प देणार का? गावात तुझ्याबरोबर पशुवैद्यक किंवा पशुधन निरीक्षक असणार का? जनावराचं रक्त काढणं तुझ्या कामात आहे का? असेल तर स्पष्ट नाही म्हण, ते प्रशिक्षित माणसाचं काम आहे. कत्तलखान्यात किंवा संशयित रुग्णाच्या घरी इंटर्नला पाठवणार का? इथेही उत्तर नाहीच हवं. आणि काम चालू असताना ताप आला तर फोन कुणाला करायचा, दाखवायचं कुठे, खर्च कुणाचा? ज्या प्रकल्पाने नीट विचार केलेला असतो तो याचं उत्तर एका दिवसात देतो. "बघू, आजवर कुणाला काही झालं नाही" असं उत्तर आलं तर आईचं ऐक आणि दुसरं काही शोध.

कामाच्या दिवशी फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे घाल, त्यावर चढणारी गोचीड लगेच दिसते. पँटचं टोक मोज्यात खोच. उघड्या त्वचेला डीट किंवा डेपा असलेलं मलम लाव. डेपा हे आपल्याकडचं, ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेत तयार झालेलं औषध आहे. पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मिळालं तर ते फक्त कपड्यांसाठी, अंगाला कधीच लावायचं नाही. घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात टाक आणि अंघोळीच्या वेळी सगळं अंग तपास: कानामागे, केसांच्या कडेने, काखेत, कमरेच्या नाडीखाली, गुडघ्यामागे. एखादी चिकटलेली सापडलीच तर बारीक टोकाच्या चिमट्याने तिला त्वचेच्या अगदी लगत पकड आणि सरळ वर, एकसारख्या ताकदीने ओढ. पिळायचं नाही, हिसडा द्यायचा नाही. रॉकेल, चुना, पेटती काडी, नेलपॉलिश यांपैकी काहीही करायचं नाही, त्याने ती जास्तच लाळ सोडते. मग साबणाने हात आणि ती जागा धू, गोचीड बाटलीत बंद कर, तारीख लिही.

चावल्यावर साधारण १ ते ३ दिवसांत, उशिरात उशिरा ९ दिवसांत ताप येऊ शकतो. रक्ताच्या संपर्कातून आलेला असेल तर १३ दिवसांपर्यंत. म्हणून शेवटच्या गावभेटीनंतरही दोन आठवडे लक्ष ठेव. ताप आलाच, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांग: "मी गुरांवरच्या गोचिडींचं काम करते." २०११ मध्ये त्या डॉक्टर आणि परिचारिकेच्या मनात ही शंका येणंही अवघड होतं, भारतात तोवर हा रोग सिद्धच झालेला नव्हता. आज डॉक्टरांना तो माहीत आहे, पण सावली तालुक्यातल्या गोठ्यातून आलीस हे तुझ्या चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं.

आजीला मात्र निश्चिंत कर. लाइम रोग ज्या गोचिडीतून पसरतो ती अमेरिकेतली हरणांची गोचीड, आयक्सोडिस स्कॅप्युलॅरिस, आपल्याकडे नाही. तो रोग कनेटिकटमधल्या लाइम आणि ओल्ड लाइम या गावांवरून ओळखला जाऊ लागला, त्याचा जिवाणू १९८२ मध्ये कळला, आणि तो सांभाळतात तिथल्या जंगलातले उंदीर. मावसभाऊ त्याच्या अंगणाबद्दल बरोबर बोलतोय. त्या व्हिडिओंमधलं गोचीड काढायचं तंत्र इथेही लागू पडतं, तेवढं घे. लाइममध्ये अंगावर उठणाऱ्या लाल गोल चकत्यांची भीती न्यू जर्सीत राहू दे.

आता तुझा प्रश्न. मोजून काय होतं?

आपल्याकडे कीटकांमुळे पसरणाऱ्या रोगांचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्यात सहा रोग येतात: मलेरिया, डेंगी, चिकुनगुन्या, जपानी मेंदूज्वर, हत्तीरोग आणि काळा आजार. गोचिडीमुळे होणारा एकही नाही. गायीवरची गोचीड पशुसंवर्धन खात्याची, माणसाचा ताप आरोग्य खात्याचा. आणि काँगो तापाची मेख अशी, की बाधित गाय आजारी दिसतच नाही. काही दिवस तिच्या रक्तात विषाणू असतो, मग निघून जातो. ती चारा खाते, दूध देते, पशुवैद्याला कुणी बोलावत नाही. माणूस आजारी पडून मोठ्या इस्पितळात पोचतो तोवर गोचीड कुठली, गाय कुठली, हे शोधायला उशीर झालेला असतो.

याच्या उलट उदाहरण आपल्या सिंधुदुर्गात आहे. दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये माकडतापाची साथ आली. हा क्यासनूर जंगलाचा रोग, १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात सापडलेला, हाही गोचिडीतूनच येतो. पण तिथे रानात माकडं मरून पडायला लागतात आणि लोक सावध होतात. आपल्या गोठ्यांत असा इशारा देणारं कुणी नाही. शिवाय हायलोमाच्या मादीकडून विषाणू तिच्या अंड्यांतही उतरू शकतो, म्हणजे नुसती वाहक नव्हे, विषाणूची साठवणही गोचीडच करते. माणूस आजारी पडायच्या आधी दिसू शकेल अशी जी थोडी चिन्हं आहेत, त्यांत गोचीड पहिली. कुठल्या गावात, कुठल्या महिन्यात, कुठल्या जातीची, किती, हे कुणीतरी सलग लिहून ठेवलं तरच पुढच्या पावसाळ्याआधी हातमोजे कुठल्या गावात वाटायचे आणि कुठल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला सावध करायचं हे ठरवता येतं.

म्हणून पहिल्या दिवसापासून एक गोष्ट घट्ट धर. ज्या गायीवर एकही गोचीड सापडली नाही, तिचीही नोंद कर. नवीन मुलं उत्साहाने गोचिडींनी भरलेली जनावरं शोधत फिरतात, बाटल्या भरतात, आणि शेवटी त्या आकड्यांचा अर्थच लागत नाही, कारण एकूण किती जनावरं पाहिली हे कुणी लिहिलेलं नसतं. गावातली घरं आधी चिठ्ठ्या टाकून किंवा यादीतून निवडा. "आमच्या गायीला बघा, तिला फार झाल्यात" म्हणणाऱ्याकडेही जरूर जा, पण ती नोंद वेगळी ठेव.

नोंदीचं सामान साधं असतं, शिस्त अवघड. एका जनावराच्या गोचिडी एका बाटलीत, दुसऱ्याच्या दुसऱ्या, मिसळायच्या नाहीत. चिठ्ठी शिसपेन्सिलने लिहायची आणि बाटलीच्या आत टाकायची. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि बाहेर चिकटवलेलं लेबल ओलाव्याने सुटतं. तारीख, गाव, फळिया (गावातली वस्ती), गाय की म्हैस, गावठी की संकरित, वय, अंगावरची जागा, गोळा करणाऱ्याचं नाव, सगळं त्या चिठ्ठीवर. जाती ओळखायच्या असतील तर ७० टक्के अल्कोहोल ठीक. पण जिवंत विषाणू वेगळा काढायचा असेल तर गोचीड अल्कोहोलमध्ये चालत नाही, ती जिवंत किंवा गोठवून न्यावी लागते. प्रकल्पाला यातलं काय हवंय ते पहिल्याच दिवशी विचार, कारण गोळा करून झाल्यावर तो निर्णय बदलता येत नाही. आणि जिवंत विषाणू हवा असेल तर ती हाताळणी तुझ्याकडे नको, तुझ्या वरच्या माणसांकडे असू दे.

जनावरावर शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत: कानाच्या आतबाहेर, गळ्याखालची पोळी, कास, जांघ, शेपटीचा बुडखा. मोजण्याच्याही पद्धती आहेत. रिपिसेफॅलस मायक्रोप्लस या गुरांच्या गोचिडीसाठी जनावराच्या एका बाजूवरच्या ४.५ ते ८ मिलिमीटर लांबीच्या, रक्ताने भरत आलेल्या माद्या मोजतात आणि दुप्पट करतात. तुमच्या प्रकल्पात जी पद्धत ठरेल ती सगळ्यांनी शेवटपर्यंत तीच वापरा, मध्येच सुधारणा करू नका.

सूक्ष्मदर्शकाखालचं काम तुला आवडेल, प्राणिशास्त्राची आहेस. गोचीड म्हणजे कीटक नव्हे, कोळ्याच्या नात्यातली. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला सहा पाय, पुढच्या दोन्ही अवस्थांना आठ. हायलोमाचं तोंड लांब, डोळे ठळक, पायांवर फिकट पट्टे. मायक्रोप्लसचं तोंड आखूड आणि त्याचा पाया षट्कोनी. हिमॅफायसॅलिस या आणखी एका वंशाच्या गोचिडीला डोळे नसतात आणि तोंडाच्या बाजूचे अवयव बाहेर पसरलेले. कुठल्याही गोचिडीच्या पुढच्या पायावर एक छोटं इंद्रिय असतं, त्याने तिला श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब कळते. हायलोमा तर गवतावर वाट बघत बसण्यापेक्षा जमिनीवरून सावजाकडे चालत येते. गोठ्यात उकिडवी बसून गप्पा मारताना हे लक्षात असू दे, उभी राहा किंवा खाट माग.

आता प्रतिबंध. या भागात तुझी खरी परीक्षा आहे आणि बहुतेक प्रकल्प इथेच घाई करतात. छापील पत्रकं वाटतात, फोटो काढतात, निघून जातात.

पशुपालकाशी बोलायची सुरुवात काँगोने करू नकोस. एक तर गावात तो शब्द उच्चारला की उद्या मंडळीत, म्हणजे गावच्या सहकारी दूधसंस्थेत, आपलं दूध घेतील का या काळजीने लोक दारं लावून घेतात, आणि त्यांची काळजी रास्त आहे. दुसरं म्हणजे ज्याच्या गावात तो रोग कधी आलाच नाही, त्याला तो दूरचा वाटतो. त्याला रोज दिसणारं नुकसान वेगळंच आहे. हीच हायलोमा गोचीड गुरांमध्ये थायलेरिया हा रोग पसरवते. होल्स्टीन आणि जर्सीच्या संकरित गायींना तो फार जोरात होतो: चढा ताप, सुजलेल्या गाठी, रक्त कमी होणं, दूध आटणं, वासरू हातचं जाणं. कर्ज काढून आणलेली संकरित गाय अशी गेलेलं घर तुला जवळपास प्रत्येक गावात भेटेल. तिथून बोलायला लाग. थायलेरियाची लसही मिळते, तिच्याबद्दल पशुवैद्याला विचारायला सांग. गोचीड कमी झाली की गाय वाचते, आणि त्याच कामात माणूसही वाचतो.

फवारणीबद्दल लोक म्हणतील, "औषध मारलं, दोन आठवड्यांत पुन्हा तेवढ्याच." त्यांचं म्हणणं खरं असतं. मायक्रोप्लस सगळ्या अवस्था त्याच एका जनावरावर काढते, जेमतेम तीन आठवडे, आणि मग अंडी घालायला खाली उतरते. हायलोमा मात्र मध्येच उतरते, भिंतीच्या फटीत, गव्हाणीखाली, शेणाच्या ढिगाच्या कडेला जाऊन कात टाकते आणि पुन्हा चढते. एकेक मादी हजारांनी अंडी घालते. म्हणजे गायीच्या अंगावर दिसतात त्या थोड्या, बाकीच्या गोठ्यात. नुसती गाय फवारली आणि भिंती तशाच ठेवल्या तर दोन आठवड्यांत पुन्हा तेच होणार. फटी मातीने किंवा सिमेंटने लिंपणं, गव्हाण भिंतीपासून सुटी ठेवणं, जनावर आणि गोठा यांची फवारणी एकाच दिवशी करणं, पशुवैद्य सांगेल तितक्या दिवसांनी पुन्हा करणं, नवीन विकत आणलेलं जनावर गोचीड तपासल्याशिवाय कळपात न घेणं, हे स्वस्त आणि खात्रीचं आहे. कच्छ-सौराष्ट्राकडून मालधाऱ्यांचे, म्हणजे फिरत्या पशुपालकांचे, कळप आपल्या भागात उतरतात, त्यांच्याबरोबर गोचिडीही प्रवास करतात. त्यांना दोष देऊ नकोस, त्यांच्या तळावरही जा. त्यांची जनावरं पाहायला सहसा कुणी जात नाही.

औषधाचं नाव तू सुचवायचं नाहीस, ते पशुवैद्याचं काम. पण घरात काय वापरलं जातंय ते बघायला शिक. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, अॅमिट्राझ यांच्या बाटल्या दिसतील. बुचाने अंदाजे मोजलेलं औषध जास्त पाण्यात मिसळलेलं असतं, त्याने अशक्त गोचिडी मरतात आणि चिवट उरतात. मायक्रोप्लसमध्ये या औषधांना दाद न देणाऱ्या गोचिडी भारतात सापडल्या आहेत. कुठे कपाशीवर मारायचं कीटकनाशक गायीवर मारलेलं असेल, कुठे ती बाटली चुलीशेजारी मुलांच्या हाताला लागेल अशी असेल. मोजायचं माप दाखव. औषध मारल्यावर किती दिवस दूध विकायचं नाही ते लेबलवर लिहिलेलं असतं, ते त्यांना वाचून दाखव, कारण ते अक्षर बारीक आणि बरेचदा इंग्रजीत असतं.

आणि बायकांशी बोल. गावात गुरांचं शेण, चारा, धारा ही कामं बहुतेक घरांत बायका करतात. गोचीड उपटणारे हात त्यांचे असतात, सभेला मात्र पुरुष येऊन बसतात. तू मुलगी आहेस, तुला स्वयंपाकघरापर्यंत जाता येईल. सकाळ-संध्याकाळ मंडळीत दूध घालायला रांग लागते तेव्हा तिथे जा, त्यासारखी दुसरी वेळ नाही. तिथे एका बाईने दुसरीला "हाताने चिरडू नको, चिमट्याने काढ आणि साबणाच्या पाण्यात टाक" असं सांगितलं की तुझं पत्रक वाचून दाखवायची गरज उरत नाही. प्रत्येक घरी एक साधा चिमटा देता येईल का, हे प्रकल्पाच्या लोकांना विचार. मला विचारशील तर रंगीत पत्रकांच्या पैशात चिमटेच घ्यावेत.

एका गोष्टीसाठी मात्र हट्ट धर. काम संपण्याआधी प्रत्येक गावात परत जायला वेळ राखून ठेवा. ज्याच्या गोठ्यातून बाटल्या भरल्या त्याला त्याचा निकाल मिळाला पाहिजे: तुमच्या एवढ्या जनावरांपैकी एवढ्यांवर, या जातीच्या, कासेपाशी जास्त, भिंतीच्या या फटीत. गुजरातीत एक पान पुरतं. पाहणीला येणारे नेतात आणि परत येत नाहीत असा अनुभव गावांनी खूप घेतलाय, त्यामुळे पुढच्या वेळी येणाऱ्याला दार उघडत नाही. परतभेट प्रकल्पाच्या आराखड्यात नसेल तर तू सुचव. इंटर्नने सुचवलेलं लोक ऐकतात, विशेषतः तीच ते करायला तयार असेल तर.

शहरातही तुला लोक गाठतील, सोसायटीतल्या कुत्र्याच्या गोचिडी घेऊन. ती तपकिरी कुत्र्याची गोचीड, घराच्या फटींत राहते, भिंतीवर चढते. कुत्र्याला पशुवैद्याकडे न्या आणि घराच्या फटी बघा, इतकं सांगितलंस तरी पुरे.

बाबांना काय सांगशील? त्यांना तुझ्या पुढच्या वाटेची काळजी आहे, तर तीच दाखव. पुदुच्चेरीच्या आयसीएमआरच्या वेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरमध्ये सार्वजनिक आरोग्य कीटकशास्त्रात एम.एस्सी. करता येतं. गांधीनगरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक हेल्थमध्ये सार्वजनिक आरोग्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. साथरोग सर्वेक्षणात, कीटकजन्य रोगांच्या कार्यक्रमात, संशोधन संस्थांच्या प्रकल्पांत अशी माणसं लागतात जी नमुना स्वतः गोळा करून, ओळखून, त्याचा तक्ता करून, त्यावर चार ओळी नीट लिहू शकतात. प्रयोगशाळेतल्या तुझ्या मैत्रिणी यंत्र उत्तम चालवायला शिकतील, तेही मोलाचं. पण यंत्रात जाणारा नमुना कुठून आला हा प्रश्न विचारायची सवय गोठ्यातच लागते. बाबांना एकदा आणंदच्या पशुवैद्यक महाविद्यालयात घेऊन जा. बडोद्याहून गाडीने तासाभराचा रस्ता. तिथल्या परोपजीवीशास्त्र विभागात या विषयावर आयुष्य घातलेली माणसं भेटतात, त्यांच्याशी बाबांना दहा मिनिटं बोलू दे आणि आपलं मत आपणच बदलू दे. विद्यावेतनाबद्दल मात्र बाबांची बाजू घेते: जाण्यायेण्याचा खर्च विद्यावेतनातून जाऊ नये, प्रवास वेगळा द्या, असं निःसंकोच लिही. मागितल्याशिवाय मिळत नाही.

राहिली गायीची भीती. तुला लाथ लागू नये म्हणून मागून जाऊ नकोस, समोरून, तिला दिसशील अशा बाजूने जा, आवाज देत जा. नवीन व्यालेली गाय आणि तिचं वासरू यांच्या मध्ये कधी उभी राहू नकोस. मालक किंवा मालकीण दोरी धरून डोक्यापाशी उभी असल्याशिवाय हात लावायचा नाही, हा नियम भीती नसलेल्यांसाठीही तोच आहे. सुरुवातीला पशुधन निरीक्षकाने गोचीड काढावी आणि तू चिठ्ठ्या लिहाव्यात असं ठरवून घे. चांगली चिठ्ठी लिहिणारं माणूस प्रत्येक चमूला हवंच असतं. कासेपाशी हात घालायला तुला कधी जमलंच नाही तरी तुझं काम अपुरं ठरत नाही. होकाराच्या पत्रात हेही लिहून टाक.